सखोजीमामांचं ‘येतों’

सायकलच्या शर्यतीत पुढच्या स्वाराला मागं टाकण्याआधी त्याचा रीतसर निरोप घेणारा माणूस कावेरीच्या दोन्ही काठांवर एकच होता, आणि तो कुंभकोणात आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होता.

सखोजीमामा. वय पंचेचाळीस, पोटऱ्या फणसाएवढ्या, मिशी हँडलच्या आकाराची. त्या वर्षांत आमच्याकडचे सायकलवाले पगारी स्वार बाळगून असत, पूर्वीचे राजे पैलवान बाळगत तसे. मामा चेट्टियारच्या दुकानाचे स्वार. सायकल दुकानाची, सदराही दुकानाचा, पाय तेवढे मामांचे. पोंगलनंतर शर्यती सुरू होत आणि चित्रै महिन्यात डांबर चाकाला चिकटू लागलं की शेवटची शर्यत होई.

त्यांच्या वेगाबद्दल मी अतिशयोक्ती करणार नाही. सकाळी कॉफीच्या फिल्टरमध्ये उकळतं पाणी ओतून ते निघत, चार-पाच मैलांवरच्या स्वामीमलईच्या मुरुगनला रस्त्यावरूनच हात जोडून परत येत, तेव्हा खालच्या भांड्यात चौथा थेंब पडत असे. सुंदरपेरुमाळ कोयिलपाशी रस्त्याशेजारून रूळ जातात. तिथं मामा दिसले की आगगाडीचा ड्रायव्हर कोळसा टाकणं थांबवी. म्हणे, हरायचंच आहे तर जाळायचा कशाला?

पण असा हा माणूस कुणाच्या मागून आला की पायडल हलकं करी आणि अदबीनं म्हणे, “पोयिट्टु वरेन्, अण्णे.” म्हणजे जाऊन येतो, दादा. आपल्या मराठी घरांत उंबरा ओलांडताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात आणि आतून कुणीतरी ‘या’ म्हणतं. तमिळ माणसांचंही तेच. तीन वर्षांपूर्वी मामांनी ही रीत घरातून उचलली आणि हमरस्त्यावर नेऊन ठेवली. पुढच्यानं ‘जाऊन या’ म्हटल्याशिवाय ते पुढं होत नसत.

घंटी होती. बाकीच्या स्वारांनी वजन नको म्हणून घंट्या काढून टाकल्या होत्या, मामांनी ठेवली होती. पण ही रीत धरल्यापासून वाजवली कधीच नाही. “घंटी वाजवणें म्हणजे ‘सरक’ म्हणणें. बरोबरच्या माणसाला सरक म्हणावें काय?”

एकदा तिरुनीलक्कुडीच्या वाटेवर पुढं बैलगाडी, गाडीवान झोपलेला. मामा दोन मैल तिच्या मागं चालले. शेवटी डाव्या बैलानं मान हलवली, ती त्यांनी परवानगी धरली.

गंमत अशी, की या रीतीमुळं मामा हरत नसत, जिंकत असत. ‘पोयिट्टु वरेन्’ ऐकून गप्प बसेल असा तमिळ माणूस अजून जन्माला यायचाय. शर्यत असो की भूकंप, जीभ आपोआप ‘पोयिट्टु वांग’, जाऊन या, म्हणते, आणि निरोप देताना पाय जरा सैल पडतो. तेवढ्यात मामा पसार.

मग दारासुरमचा सेल्वम आला. वय बावीस, म्हणून मामा त्याला तंबी म्हणत, म्हणजे धाकटा भाऊ. त्यानं अक्कल लढवली आणि गालात कुंभकोणी पानांचे चार विडे कोंबून शर्यतीत उतरू लागला. मामांनी निरोप मागितला की हा नुसताच “ऊं” करी. “ऊं म्हणजे होय नव्हे,” मामा म्हणत आणि मागं राहत. त्या हंगामात ते एकही शर्यत जिंकले नाहीत.

शेवटच्या शर्यतीआधी चेट्टियारनं सांगून टाकलं, “सखोजी, ही जिंकलास तर सायकल तुझ्याकडे. नाहीतर सायकल दुकानात, आणि तूही दुकानात. हवा भरायला.”

तंजावरपर्यंत जायचं आणि परत. मी चेट्टियारच्या लॉरीत, ताकाचं मडकं मांडीत धरून. परतताना सुंदरपेरुमाळ कोयिलपाशी बाकीचे स्वार क्षितिजाआड राहिले आणि सेल्वमच्या मागच्या चाकाला मामांचं पुढचं चाक लागलं.

“पोयिट्टु वरेन्, तंबी.”

“ऊं.”

“तंबी, पोयिट्टु वरेन्!”

सेल्वमचे गाल फुगलेले, डोळ्यांत पाणी, पण तोंड बंद. मी लॉरीतून ओरडलो, “या मामा, या! मी म्हणतों, या!”

“तुझें चालत नाहीं रे,” मामा धापा टाकत म्हणाले. “ज्याला सोडून जायचें, त्यानें म्हणावें.”

पुढचे सहा मैल ते तसेच मागं राहिले. शेवटची रेघ आली. सेल्वम ओलांडून गेला, तोंडातलं सगळं रस्त्यावर थुंकला आणि सवयीनं म्हणाला, “पोयिट्टु वांग, अण्णे.”

“उशीर झाला, तंबी,” मामांनी हसून त्याच्या पाठीवर हात ठेवला.

सायकल पोचवायला दुकानाकडे चालत निघालो, तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. “मामा, एकदां न विचारतां गेलां असतां तर काय आभाळ कोसळणार होतें?”

“एकदां गेलों होतों.”

मामीला जाऊन तीन वर्षं झाली होती. तिचं ‘या’ आमच्या घरातल्या ताटल्यांना ऐकू येई.

“शर्यतीला उशीर होत होता. ती परसांत होती. ‘येतों’ म्हटलें आणि निघालों. ‘या’ ऐकायला थांबलों नाहीं.” त्यांनी सायकल खड्ड्यातून जपून काढली. “पहिला आलों त्या दिवशीं. घरीं पोचलों, तर ओसरीवर माणसें बसलेलीं.”

दुकानात चेट्टियारनं कोपरा दाखवला. मामांनी सायकल तिथं टेकवली, पंच्यानं बैठक पुसली आणि हलकेच म्हणाले, “येतों.”

आणि उभे राहिले. चेट्टियारनं घसा खाकरून हिशेबाची वही उघडली. मामा हलेनात.

मी हात लांबवून घंटीवर अंगठा दाबला. तीन वर्षं कुणी हात लावला नव्हता, पहिल्यांदा नुसती करकरली. दुसऱ्यांदा वाजली.

मामांनी मान डोलावली, पंचा खांद्यावर टाकला आणि घराकडे चालू लागले.