लिंबानीचं एकशे चाळीस एकर

मक्याच्या पिठाच्या न्सिमाचा पहिला घास तोंडाशी गेला आणि लिंबानीचा फोन वाजला. संदेश होता, "अभिनंदन. आपल्या एकशे चाळीस एकर मक्याच्या शेताची नोंद खुल्या नकाशात झाली आहे." घास तिथंच थांबला. शेत होतं दोन एकराचं, आणि तेही त्याचं नव्हतं.

"तोंड का असं पडलंय?" त्याच्या बायकोनं, तियामिकेनं विचारलं.

"तुझ्या मामांच्या घरासकट सगळं गाव माझ्या नावावर झालंय."

तिनं भाजीचं भांडं त्याच्याकडे सरकवलं. "मग पोटभर जेवून घे. इथलं शेवटचंच म्हणायचं."

या गावात जमीन बायकांच्या घराण्याची. जावयानं यायचं, ती कसायची आणि खाली मान घालून राहायचं. जमिनीवर डोळा ठेवणाऱ्या जावयाच्या हातात तियामिकेचे मामा काम्वेंडो कुदळ देत आणि त्याला त्याच्या आईच्या गावी पोचवून येत. असे दोघे पोचवून झाले होते. आणि लिंबानीचा तियामिकेवर फार जीव होता. हे त्यानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, तिलासुद्धा.

गुन्हा सकाळीच घडला होता. शेतीखात्याच्या एलुबी मॅडमनी शिकवलं होतं, फोनवर 'सुरू' दाबायचं, बांधाबांधानं शेताला वेढा घालायचा आणि 'पुरे' दाबायचं; मधली चाललेली वाट हीच शेताची हद्द. मग उपग्रह वरून बघणार आणि खत कधी, पाणी कधी ते कळवणार. तीन बांध नीट झाले. चौथ्यावर समोरून रिकामी बादली घेऊन सासूबाई आल्या. जावयानं सासूच्या समोर यायचं नाही, हे त्या घरात अजून काटेकोर पाळत. आता 'पुरे' दाबायला सवड कुणाला? लिंबानी वळला तो थेट ओढ्याकाठच्या लव्हाळ्यात घुसला.

सासूबाई पाणी भरायला तिथंच आल्या. मग तो चिखल तुडवत ओढ्याच्या कडेकडेनं पळाला, पूर्वजांच्या कबरींमागून निघाला आणि गिरणीपाशी जरा दम खायला थांबला. तासाभरानं सासूबाई दळण घेऊन गिरणीवर हजर. बाईंच्या पायाला भिंगरीच होती. शेवटी चर्च आणि मामांचं घर यांना लांबून वळसा घालून तो अंगणात पोचला, तेव्हा कुठं फोनची आठवण झाली. त्यानं घाईघाईनं 'पुरे' दाबलं, 'पाठवा' दाबलं आणि हातपाय धुवायला गेला.

जेवण आटोपायच्या आत दुसरा संदेश आला. "शेताचा बराच भाग उघडा दिसतो. मका उगवलेला नाही. पुन्हा पेरणी करावी."

"उघडा भाग म्हणजे मामांचं अंगण," तियामिके म्हणाली. "जातोस पेरायला?"

लिंबानीनं मॅडमना फोन लावला. "मॅडम, ते तेवढं पुसा ना."

"पुसू की, सोमवारी. घाबरतोस कशाला? खुली माहिती आहे, त्यात लपवायचं काही नसतंच. मी छापून बाजारातल्या फळ्यावर लावलीय. गर्दी बघ किती."

"गर्दी म्हणजे कोण कोण?"

"आत्ताच एक काठीवाले म्हातारे चष्मा पुसून पुसून बघत होते. तुझं नाव मोठ्यानं वाचलं त्यांनी."

मामांचं बोलावणं दुपारीच आलं. ते आंब्याखाली बसले होते. शेजारी खोडाला कुदळ टेकवलेली. लिंबानीची नजर तिच्यावरून हलेना. गुडघे टेकून त्यानं रीतीप्रमाणे टाळ्या वाजवून नमस्कार केला.

मामांनी फळ्यावरून उचकटून आणलेला कागद त्याच्यापुढे धरला. "यात माझं घर कुठाय?"

"मक्यात, मामा."

"आणि आपले पूर्वज?"

"तेही मक्यातच."

"बरं. आणि ही ओढ्याकाठची पाणथळ?"

"तिथं मी लपलो होतो. चुकलं, मामा. मला जमीन नको. माझं नाव काढून टाका, पण मला इथून घालवू नका. तियामिकेशिवाय मी..."

मामांनी कागदावरच्या पाणथळीवर बोट ठेवलं. "पलीकडच्या गावचा मुखिया वीस वर्षं सांगतोय, ही पाणथळ त्याची. आज त्याचा माणूस फळ्यापुढं कपाळावर हात मारून घेत होता. म्हणाला, आता तुमची म्हणून कागदावरच आली, बोलायचं काय?"

"पण मामा, तो कागद तर माझ्याच..."

"गप. सोमवारी काही पुसायचं नाही." मामांनी काठीनं ओढ्यापलीकडे दाखवलं. "ते आंब्यांचं रान माझ्या आजीच्या वेळी आपलंच होतं. उद्या उजाडलं की फोन घेऊन त्याला वेढा घाल. परवा तिथून खाली नदीपर्यंत."

"मामा, तिकडं कुत्री सोडतात. भाले घेऊन धावतात माणसं."

"म्हणून तर तूच हवास. लपतछपत चालण्यात तुझा हात धरणारा गावात दुसरा नाही. आपला जावई आहेस. तुला आता कोण सोडतंय?"

लिंबानी घरी आला.

"माझ्या आईच्या गावाला पहिली गाडी किती वाजता असते?" त्यानं विचारलं.

तियामिकेच्या हातातलं भांडं खाली पडलं. "घालवलं मामांनी तुला?"

"नाही गं," तो रडवेला होऊन म्हणाला. "ठेवून घेतलंय."