भांडणाला नाव विचारणारे आप्पा

दौलत आप्पांकडे कुणी रक्तबंबाळ होऊन आला तरी ते आधी एवढंच विचारायचे, "भांडण शे का झगडा शे?"

एकदा खरंच तसं झालं. पलीकडच्या गल्लीतला उत्तम कपाळावर फडकं दाबून त्यांच्या ओट्यावर येऊन टेकला. आप्पांनी सुपारी कातरता कातरता आपला प्रश्न टाकला. उत्तम कण्हत म्हणाला, "आप्पा, पहिले हळद ते लावा." आतून जिजी, म्हणजे आप्पांची बायको, हळदीची वाटी घेऊन धावत आल्या. त्या जखमेवर हळद दाबत होत्या आणि आप्पा शांतपणे समजावत होते, "तोंडघाई व्हस ते भांडण. हात उठना की झगडा. तुन्हा झगडा शे. हां, आते सांग."

मी लग्न होऊन रनाळ्याला आले, तेव्हा आमच्या आणि आप्पांच्या घरात एकच भिंत होती, त्यामुळे हे सगळं मला घरबसल्या ऐकू यायचं. तेव्हा साहेबाचं राज्य होतं. नंदुरबारच्या कचेरीत जायचं म्हणजे दिवस मोडायचा, पदरचं खर्चायचं आणि वर कारकुनाचं तोंड बघायचं. म्हणून गावातली निम्मी माणसं आधी आप्पांच्या ओट्यावर यायची. आप्पा चांगल्या काळ्या जमिनीचे धनी, स्वभावानं सरळ, पण भांडणाला नाव मिळाल्याशिवाय त्यांचा कान उघडत नसे.

आप्पांच्या हिशेबात भाकरी गार होण्याआधी मिटते ती कुरबूर. जेवणं वेगळी होतात ती धुसफूस. बांध नाहीतर विहीर मध्ये आली की तंटा. तोच तंटा कचेरीची पायरी चढला की कज्जा. आणि बापाकडून जमिनीबरोबर पोराकडे येते ती अदावत. एवढं ऐकून घेईपर्यंत भांडायला आलेल्यांचा अर्धा जोर ओसरायचा. काही तर आपलं नेमकं काय चाललंय याच्यावरच नव्यानं वाद घालायचे.

जिजींनी मात्र यावर तोड काढली होती. आप्पांनी आवाज चढवला की त्या चुलीपुढूनच म्हणायच्या, "हाई कुरबूर शे बरं का. भाकर तव्यावर शे." आप्पा निमूट पाटावर येऊन बसायचे.

आप्पांचा सगळ्यांत लाडका शब्द 'चुरस'. आमच्या गल्लीतल्या दोघी जावा पापडांवरून एकमेकींना पाण्यात बघायच्या. त्यांच्या सासूनं तक्रार आणली तर आप्पा खूश. "ती चुरस शे. व्हऊ दे. गल्लीले पापड चांगला भेटतीन."

'वैर' हा शब्द मात्र त्यांच्या ओट्यावर चालत नसे. कुणी उच्चारलाच तर आप्पा हात वर करायचे आणि म्हणायचे, "तो शब्द नको. दुसरा देख."

एका उन्हाळ्यात दगा आणि पुंजू हे सख्खे भाऊ विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून इरेला पेटले. धाकटा पुंजू वकील गाठायला निघाला होता. आप्पांनी त्याला बोलावून घेतलं. "बठ. हाऊ तंटा शे, पुंजू. त्याना कज्जा नको करू."

पुंजू बसला नाही. "आप्पा, आम्हना तंटाले तुम्ही नाव दिधं. तुम्हनं नि इस्माईल मिस्तरीनं काय शे? त्याले काय म्हणतस?"

आप्पा उठून आत गेले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यांनी गाडी जुंपली. जिजी मला म्हणाल्या, "चल वं, बाजार करी येऊत." बाजार निमित्ताला होता. वाटेत आप्पा पुढे बसून गाडी हाकत होते. जिजींनीच मला हळू आवाजात सगळं सांगितलं.

इस्माईल मिस्तरी पूर्वी रनाळ्यातच बैलगाड्या बांधायचे. आप्पांचा जिवाभावाचा जोडीदार. जत्रेतल्या शर्यतीत आप्पांच्या गाडीच्या चाकाची लोखंडी धाव निसटली, गाडी उलटली आणि लाडक्या बैलाचा पाय मोडला. आप्पा भर जत्रेत ओरडले, "हाऊ मन्हा वैरी शे. यानंच करं." मिस्तरींनी तेव्हाच आपली हत्यारं बांधली आणि नंदुरबार गाठलं.

"तवयपाईन यास्ले हाई खोड लागनी," जिजी म्हणाल्या. "एक शब्द सुटना नि माणूस गया. आते परतेक शब्द तोलतस."

नंदुरबारला मिस्तरी आपल्या दुकानापुढे चाकाचा आरा तासत होते. दाढी पांढरी झालेली. त्यांनी गाडी ओळखली, मग आप्पांना. हात थांबला, पण ते उठले नाहीत.

आप्पा समोर जाऊन उभे राहिले. "मिस्तरी, त्या दिन मी एक शब्द चुकनू."

"कोणता?" मिस्तरी म्हणाले. "बराच बोलना व्हतात."

"वैरी." आप्पा म्हणाले. "चाक मी उनमा टाकेल व्हतं. लाकूड सुकनं, म्हणीसन धाव ढिली पडनी. माले मांघेतून समजनं."

"माले तवयच माहीत व्हतं."

"मंग सांगं का नही?"

मिस्तरींनी हातातलं हत्यार खाली ठेवलं. "तुम्ही वैरी म्हणी बठनात. वैरीनं कोण ऐकस?"

आप्पा तिथेच, लाकडाच्या ढलप्यांत, खाली बसले. थोड्या वेळानं मिस्तरी उठले, आमच्या गाडीभोवती फिरले, चाकावर मूठ आपटून म्हणाले, "हाई धाव कोणी चढाई? घर जावावं नही हाई गाडी."

आम्ही दोघी दुसऱ्याच्या गाडीतून परतलो. आप्पा मागे राहिले.

पुढच्या बाजाराच्या आधीच ते आले. गाडीत शेजारी मिस्तरी होते. वेशीपाशी मिस्तरींनी गाडी थांबवायला लावली, खाली उतरले आणि तसेच उभे राहिले. आप्पाही उतरले. दोघं बैलांच्या पुढे चालत गल्लीत शिरले.

आप्पांनी स्वतः ओट्यावर घोंगडी अंथरली. जिजींनी चहा आणला. मग मिस्तरींनी विचारलं, "तो बैल?"

"ऱ्हायना नही."

"चांगला व्हता," मिस्तरी म्हणाले.

तेवढ्यात गल्लीच्या टोकाला दगा आणि पुंजू दिसले. विहिरीवरचं मोटेचं चाक तडकलं होतं आणि मिस्तरी आल्याचं त्यांच्या कानावर गेलं होतं. एकट्यानं उचलण्यासारखं ते नव्हतं, म्हणून एका बाजूनं दगानं धरलं होतं आणि दुसऱ्या बाजूनं पुंजूनं. एकमेकांकडे न बघता, पण पावलाला पाऊल लावून दोघं आले आणि मिस्तरींसमोर उभे राहिले.

आप्पांनी या वेळी भांडणाचं नाव विचारलं नाही. सरकून त्यांनी ओट्यावर दोघांना जागा केली.