सहा प्लेटा आणि माझी सही

आमच्या घरात भाड्याची वस्तू येत नाही! एकदा सांगितलं म्हणजे सांगितलं. संसाराची बावीस वर्षं मी भाड्याने काढली, अकरा घरं बदलली. भिंतीत खिळा ठोकला की प्रत्येक घरमालकीण धावत यायची, जणू तिच्याच अंगात ठोकला! शेवटी स्वतःचं घर झालं, त्या दिवशी मी आधी काय केलं असेल, तर भिंतीत सतरा खिळे ठोकले. टांगायला काही नव्हतं. नुसते ठोकले!

त्यामुळे गच्चीवर सोलर बसवायचं निघालं तेव्हा मुलाचं आणि माझं वाजलं.

"आई, भाड्याने घेऊ," मुलगा म्हणाला. "प्लेटा कंपनीच्या, दुरुस्ती कंपनीची, धुणं-पुसणं कंपनीचं. आपण फक्त महिन्याला भाडं द्यायचं."

"आणि ऊन कोणाचं? तेही कंपनीचंच का?"

सुनेला हसू आलं. मुलाला नाही आलं. मी हातातल्या दोन बांगड्या मोडल्या आणि सहा प्लेटा विकत घेतल्या. माझ्या! गच्चीवर उन्हात अशा चमकायच्या की बघतच राहावं.

आमच्या भिंतीला भिंत लावून चष्मेवालीचं घर. दोन गच्च्यांच्या मध्ये कमरेएवढा कठडा. तिने आठ प्लेटा घेतल्या, पण भाड्याने.

"मला नाही बाई जमायचं ते सांभाळणं, ताई," ती म्हणाली.

"असू दे गं. मालकीण होणं काही सगळ्यांनाच झेपत नाही."

बोलून गेले! आता आठवलं की जीभ चावते. चावायला दातही फार उरलेले नाहीत, पण चावते.

मालकी म्हणजे काय, ते मला पंधरा दिवसांत कबुतरांनी शिकवलं. गावातलं एकूण एक कबुतर पोट साफ करायला माझ्याच प्लेटांवर! प्लेट मळली की वीज कमी. म्हणून मी बादली घेऊन निघायची. तेवीस पायऱ्या. सातवीवर उजवा गुडघा बोलायचा, बाराव्या पायरीवर डावा, आणि वर पोचेपर्यंत दोघांचं भांडण जुंपलेलं असायचं.

"आई, मी धुते ना," सून म्हणायची.

"माझ्या प्लेटा आहेत. माझ्या हाताने धुणार!"

आणि शेजारी बघावं तर काय! पहिली तारीख आली की कंपनीचा एक मिशीवाला लांब ब्रश आणि पाइप घेऊन हजर. आठच्या आठ प्लेटा आरशासारख्या. चष्मेवाली तोवर खाली खुर्चीत पेपर वाचत बसलेली! हे तीन महिने बघितलं. चौथ्या महिन्यात मी कठड्याला टेकले.

"अरे ए, या सहा राहिल्या की!"

"आजी, आमच्या आठच आहेत."

"आजी असेल तुझ्या घरी! मावशी म्हण. बाईंच्या गच्चीवर जागा पुरली नाही, म्हणून सहा इकडे बसवल्यात. कंपनीच्याच आहेत. तुला तुझे साहेब काही सांगत नाहीत, त्याला मी काय करू?"

त्याने प्लेटांकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग "आलोच विचारून" म्हणून खाली गेला. पण पाच मिनिटांत आला, कठड्यावरून उडी मारली आणि सहाही प्लेटा धुतल्या. कोणाला विचारलंस, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं.

"मावशी, इथे सही."

माझी शाळा दुसरीपर्यंतची. वाचायला वेळ लागतो, सही मात्र मी झटक्यात करते, आणि अशी झोकात, की बघणाऱ्याला वाटावं बाई मामलेदार आहे! दर महिन्याला सही. अशा सात सह्या झाल्या. वर काय लिहिलंय, ते वाचत बसायला तेवढा वेळ कोणाला?

त्याच्या पुढच्या महिन्यात मिशीवाला आलाच नाही. दुसरेच दोघं आले, टेम्पो घेऊन.

"मावशी, चौदा प्लेटा खाली न्यायच्यात. ऑफिसची ऑर्डर आहे."

मी म्हटलं, वा! आता खालच्या बाजूनेही धुणार! याला म्हणतात कंपनी! मी त्यांना चहा दिला. जिन्याचं दार धरून उभी राहिले. वर ओरडतही होते, "अरे, कडेने धर! काच आहे, परात नाही!" टेम्पो भरल्यावर त्यांनी कागद पुढे केला. केली सही. झोकात!

दुपारी चष्मेवालीच्या गच्चीवर आठ नव्या कोऱ्या प्लेटा चढल्या. जुन्या वीज कमी देतात, म्हणून कंपनीने बदलून दिल्या होत्या. माझ्या गच्चीवर नुसते लोखंडी पाय उरले. बोळका जबडा! आरशात बघितल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी सून मोबाईल घेऊन आली. "आई, आज वीज शून्य दाखवतंय."

"ढग असतील."

"ढग कुठेत?"

"प्लेटा धुवायला नेल्यात."

"नेल्यात? कुठे?"

"आता वाळतायत!" असं म्हणून मी भांडी आदळायला घेतली. आमच्याकडे भांडी आदळली की पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी गुपचूप कंपनीचं ऑफिस गाठलं. काउंटरवरच्या बाईने वही उघडून माझ्याकडे फिरवली. "ही सही तुमचीच ना?"

"हो."

"वाचा वर."

बोट ठेवून वाचलं. 'या सहा प्लेटा कंपनीच्या आहेत.' सात पानं, सात वेळा, खाली माझी मामलेदारी सही!

"सही माझी आहे," मी म्हटलं. "वाक्य माझं नाही!"

"मग बिल आणा. नाहीतर शेजारच्या बाईंची चिठ्ठी आणा, की या त्यांच्या करारातल्या नाहीत."

बिल सुनेच्या फायलीत. मागायचं, तर सगळं सांगायला लागणार. एकीकडे सून, दुसरीकडे शेजारीण. नाक तर कापलं जाणारच होतं, आता कुठल्या घरात एवढंच ठरवायचं. सुनेसोबत रोज जेवायचं असतं. मी चष्मेवालीचं दार वाजवलं.

"बसा ना, ताई."

"बसत नाही. एका सहीचं काम आहे." आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. जमिनीकडे बघत.

तिने चष्मा काढला, पदराने पुसला. "मला माहीत होतं, ताई."

"काय माहीत होतं?"

"पहिल्याच खेपेला तो मिशीवाला खाली येऊन मला विचारून गेला. मी म्हटलं, धुऊन टाक बाबा, त्यांचे गुडघे दुखतात. तुम्ही जिना चढता तेव्हा तुमचं 'अगं आई गं' माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येतं."

"मग सात महिने बोलली का नाहीस?"

"तुम्ही कठड्यापाशी येऊन म्हणायचात, आम्ही आमच्या वस्तू आमच्या हाताने धुतो. मी म्हणायची, हो ताई."

म्हणायची खरी! दरवेळी म्हणायची! उभ्या आयुष्यात मी कोणाच्या घरी आपण होऊन खुर्ची ओढली नव्हती. त्या दिवशी ओढली आणि बसले. तिने चिठ्ठी लिहून दिली, चहाही दिला.

चार दिवसांनी प्लेटा परत आल्या, बसवूनही झाल्या. सून वर बघायला गेली आणि तिथूनच ओरडली, "आई, हे काय चिकटवलंय?"

गोदामात जाईल त्या मालाला कंपनी स्टिकर लावते. माझ्या सहाही प्लेटांच्या कोपऱ्यात, लाल अक्षरात, 'कंपनीची मालमत्ता. भाड्याने दिलेली.'

मग सुनेला सगळं सांगावं लागलंच. ती हसून हसून जिन्यात बसली. मी नखाने खरवडलं, तारेच्या घासणीने घासलं, रॉकेल लावलं. एक काना निघाला, बस्स.

पहिल्या तारखेला मी बादली घेऊन वर पोचते, तर मिशीवाला चष्मेवालीच्या आठ आटपून कठड्यावर पाय टाकून उभा!

"अरे थांब! या माझ्या आहेत. विकत घेतलेल्या!"

त्याने ब्रशच्या टोकाने स्टिकर दाखवला. "मावशी, इथे तर कंपनीच्या लिहिल्यात." आणि मिशीतल्या मिशीत हसला मेला!

कठड्यापलीकडे चष्मेवाली उभी होती. मी बादली खाली ठेवली आणि त्याला धुऊ दिलं.

सही मात्र केली नाही हं!