टाके नसलेलं ऑपरेशन

जलालच्या गळ्याचं ऑपरेशन झालं, पण आर्णीत त्यावर कोणाचा विश्वास बसेना. गळ्यावर ना टाका ना पट्टी, मग ऑपरेशन झालं कुठे?

वीस वर्षं बाजार समितीच्या यार्डात कापसाचा हर्रास, म्हणजे लिलाव, पुकारून जलालचा आवाज बसला होता. त्यात भाव कोसळले. शेतकरी चिडून ओरडायचे, आणि त्यांच्यावर आवाज चढवता चढवता त्याच्या स्वरतंतूंवर गाठी आल्या. नागपूरच्या डॉक्टरांनी तोंडातूनच दुर्बीण घालून त्या गाठी काढल्या आणि बजावलं, पंधरा दिवस एक शब्द नाही, कुजबुजसुद्धा नाही. जलालला हसूच आलं. बायको खैरुनबी जाऊन तीन वर्षं झाली होती. घरात बोलायला होतं कोण?

पहिल्याच दिवशी शेजारचा गोविंदा टाके पाहायला आला. जलालने आ केला. गोविंदाने बॅटरी मारून आत पाहिलं, मग बायकोला, तुळसाबाईला बोलावलं. तिलाही काही दिसेना. दोघांनी निकाल देऊन टाकला, डॉक्टरने फसवलं. जलालने पाटीवर खुलासा लिहिला, तर गोविंदाचा चष्मा घरी राहिला होता. झालं! दुसऱ्या दिवशी यार्डातले चार हमाल बॅटऱ्या घेऊन हजर. तिसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून डॉक्टरविरुद्ध तक्रारअर्ज लिहायला घेतला, आणि मग त्यातल्या एकेका ओळीवर रोज संध्याकाळी वाद. तुळसाबाई चहा आणायची, ओसरीवर बसायला जागा उरायची नाही. जलाल मधोमध मुकाट बसायचा. खैरुनच्या मयतीनंतर इतकी माणसं त्याच्या घरी आली नव्हती. त्याला फार बरं वाटायचं, आणि पंधरा दिवस सरत आले तसा तो उरलेले दिवस बोटांवर मोजू लागला. आवाज परतला की अर्ज संपला, आणि अर्ज संपला की माणसंही संपली.

सोळाव्या दिवशी सकाळी त्याने दार लावून घेतलं, भीत भीत तोंड उघडलं आणि पहिलं आलं तेच नाव घेतलं, "खैरुन." आवाज स्वच्छ निघाला, अगदी लग्नाच्या वेळचा. जलालला रडू आवरेना.

संध्याकाळी ओसरी भरली. गोविंदाने सगळ्यांदेखत विचारलं, "निघाला का आवाज?"

जलालने नकारार्थी मान हलवली.

"म्या म्हटलंच होतं," गोविंदा म्हणाला आणि त्याने अर्जात आणखी एक मुद्दा घालायला लावला. त्यावर तासभर वाद रंगला.

सगळे पांगल्यावर चहाचे कप गोळा करत गोविंदा जवळ आला.

"नाही निघाला तं नाही निघाला, जलालभाई. आपला अर्ज काई इतक्यात होत नाही," तो म्हणाला. "पण उद्या भाभीले जरा हळू हाक मारजो. भिंत पातळ हाये."