२२१७ चं एकुलतं नातं

चोवीस वर्षांपूर्वी बंद पडलेल्या एका उपग्रहाने मंगळवारी आमच्या कार्यालयात फोन केला आणि आपलं नातं तोडण्याला हरकत घेतली.

आमचा टक्कर-निवारण कक्ष आहे. पृथ्वीभोवती फिरणारी प्रत्येक वस्तू, अगदी निखळलेला बोल्टसुद्धा, आमच्या संगणकात एक ठिपका असते. दोन वस्तू एकमेकींच्या फार जवळ येणार असतील तर त्या ठिपक्यांत रेघ काढायची. धोका वाढला की एकीची वाट बदलायची आणि रेघ पुसायची. या रेघेला मराठी नाव देण्याचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी मोठ्या रुबाबात ‘नातं’ असं ठरवलं. तिथेच माती खाल्ली.

"साहेब, मला एवढं एकच आहे," उपग्रह क्रमांक २२१७ म्हणाला. "शुक्रवारी ती हवामानवाली माझ्याकडे येतेय. तिला बाजूला काढू नका."

"अहो, येतेय कसली! आपटाल दोघं. हजार तुकडे होतील."

"हजार!" तो हळूच म्हणाला. "केवढा गोतावळा."

मला त्याची कीव आली. खरं सांगायचं तर माझीच आली. माझा ठिपका काढला असता तर त्याला एकही रेघ लागली नसती. माझी बेल वाजवतो तो इस्त्रीवाला, तोही समोरच्यांचं घर समजून.

मी फाईल घेऊन आमच्या प्रमुख आंबर्डेकरबाईंकडे गेलो.

"कलम नऊ," बाई म्हणाल्या. "शेवटचं नातं तोडण्याआधी दुसरं जोडून द्यावं. तुम्हीच लिहिलंय, खांबेटे. कोणी मोकळं आहे का?"

"मी आहे."

"ते ऑफिसला माहीत आहे," म्हणत त्यांनी सही केली.

मी माझा ठिपका काढला, २२१७ ला जोडला, प्रकार ‘मामेभाऊ’ लिहिला. मग हवामानवालीला बाजूला सरकवून तिची रेघ पुसली. ती वाचली. पण आमच्याकडे नात्याचा अर्थ एकच. संगणकाने लगेच धडकेची वेळ काढली: रविवार, सकाळी अकरा दहा, माझी गच्ची.

बाईंनी सोसायटीला पत्र पाठवून गच्चीवरचे पापड उचलायला लावले. २२१७ चा पुन्हा फोन आला.

"दादा, येताना काय आणू?"

"काही नको रे," मी म्हटलं. "नुसता ये."

घरात ताट एकच होतं. काल जाऊन दुसरं आणलं, जरा मोठंच.