इथून पुढचं पुढच्याचं

आमचे शेजारी अप्पा यांच्याकडून नुसता निरोप कधी निघालाच नाही. निरोपाला शेपूट असे आणि त्या शेपटालाही शेपूट. दर पंधरवड्याला रत्नागिरीच्या एस.टी. स्टँडवर ते कंडक्टरच्या हाती पिशवी देत आणि बजावत, "उभी ठेव, हे तुझं. इथून पुढचं पुढच्याचं. दापोलीच्या दुकानदाराला म्हणावं, उन्हात ठेवू नको. त्याने खाडी पार करणाऱ्या तरीवाल्याला सांगायचं, ओली करू नको. तरीवाल्याने आमच्या कुसुमला सांगायचं, जुनी आमसुलं आधी संपव."

कुसुम ही त्यांची एकुलती लेक, आंजर्ल्याला दिलेली.

ते "इथून पुढचं" अनुभवातून आलं होतं. एकदा म्हणायचं राहिलं, आणि "दोन चमचे एरंडेल घ्यायचं" ही कुसुमसाठीची सूचना कंडक्टरने स्वतःला लावून घेतली. बाटली पिशवीत होतीच. त्या दिवशी दापोलीची गाडी जिथे थांबा नाही अशा चार ठिकाणी थांबली.

"अप्पा, एवढं सांगत बसण्यापेक्षा स्वतःच जा की," मी म्हणायचो.

"लेकीच्या घरचं पाणी चालत नाही रे, नातवंड होईस्तो."

लग्नाला सहा वर्षं झाली होती. पाळणा हलला नव्हता.

"आणि मी तिथे जाऊन पाण्याला नको म्हटलं, तर तिला काय वाटेल?" हे मात्र ते एकदाच बोलले. शेपूट न लावता.

पुढे वैशाखात मलाच आंजर्ल्याला काम निघालं. पिशवी माझ्या हाती आली आणि तिच्याबरोबर नऊ सूचना. कुसुमने नऊच्या नऊ मुकाट ऐकल्या. मग पदराला हात पुसत म्हणाली, "आता माझं घ्या, भाऊकाका. होडीत मध्यावर बसा, हे तुमचं. इथून पुढचं बाबांचं. नातवंडाची वाट बघणं पुरे. आमच्या दारासमोरची विहीर गावाची आहे. तिचं पाणी चालेल."

परत आल्यावर मी ते अप्पांना जसंच्या तसं ऐकवलं.

"परत सांग. मधला शब्द गाळलास बहुतेक."

गाळला नव्हता. तरी मी तीनदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा पिशवी घेऊन स्टँडवर. कंडक्टरने सवयीने हात पुढे केला. अप्पांनी पिशवी सोडली नाही.

"तू फक्त तिकीट फाड," ते म्हणाले. "इथून पुढचं माझं मी सांगतो."