सातव्या नंबरात नसलेली खिडकी

बेसा वस्तीतल्या आमच्या बिल्डिंगमधल्या घाटोळे काकांनी मला कॉम्प्युटर शिकवला, हे आधी सांगते, बाकीचं मग. मी रत्नागिरीकडची. नववीत शाळा सुटली, लग्न होऊन इतक्या लांब आले. नंदनवन भागात ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात लागले तेव्हा माउसला हात लावतानाही घाम फुटायचा. काका म्हणाले, "मग त्याले हातच नको लावू," आणि माउस काढून स्वतःच्या खिशात घातला. चार महिने रोज शिकवलं.

काकांना मेल मनातल्या मनात वाचता येत नाही. उभं राहून, अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल असा वाचतात. इंग्रजी असला तर लगेच मराठीत सांगतात आणि प्रत्येक वाक्यागणिक लिहिणाऱ्याची हजेरी घेतात. वाढदिवसाच्या शुभेच्छाही सुटत नाहीत. "माह्या वाढदिवसाची याईले काय पडली गा?" हे सगळं कोणाला ऐकवतात, ते मला बरेच दिवस कळलं नव्हतं.

त्यांची नोकरी सगळी कोराडीच्या वीजकेंद्रात, कंट्रोल रूममध्ये. समोर भिंतभर मीटर. त्यामुळे कॉम्प्युटरवर एका खिडकीवर दुसरी चढलेली त्यांना खपत नाही. "मीटरवर मीटर ठेवते काय वं कोणी?" ते वापरतात तो प्रोग्रॅम खिडक्या फरशीसारख्या शेजारी शेजारी बसवतो. खिडकीला नंबराचा टॅग द्यायचा. तीन दाबलं की तीनवाल्या सगळ्या समोर. एकाच खिडकीला चार टॅग दिले तर ती चारही ठिकाणी दिसते. या सोयीवर काकांचा भारी जीव.

हा प्रोग्रॅम देशोदेशीचे पाच-सहा जण फुकट सांभाळतात. यंदा त्यातल्या एका तरुणानं वापरणाऱ्या सगळ्यांना मेल टाकला, की टॅग फार थोडे लोक वापरतात, त्यांच्यापायी कोड किचकट होतो, तर ते काढून टाकू. एक खिडकी, एक जागा. मी दळणाचा डबा घेऊन जिना चढत होते. वरून आवाज ऐकला आणि डबा पायरीवरच ठेवला.

"एक जागा म्हणते. मी या घरात नवरा आहो, सोसायटीत सेक्रेटरी आहो, अन् तुह्यासाठी बावळट आहो. झाले ना तीन टॅग?"

तीन आठवडे हेच. काकांचे मेल लांब होत गेले, समोरच्यांचे तुटक. शेवटी त्या तरुणानं लिहिलं, टॅगशिवाय अडतंच असं एक तरी खरं काम दाखवा. नाही तर पुढच्या महिन्यात टॅग जातील. त्यावर काकांनी मेलची खिडकीच बंद केली. मला संताप आला. त्याचा तर आलाच, काकांचा जास्त. कारण उत्तर त्यांच्या पडद्यावर होतं.

दोन वर्षांपूर्वी काकूंना लकव्याचा झटका आला, वाचा गेली. आतल्या खोलीत पडून त्या एका बोटानं टॅबवर लिहितात. ते काकांच्या पडद्यावर खाली बारीक पट्टीत उमटतं. 'पाणी.' 'हळू बोला.' 'पंखा.' काका कुठल्याही कामात असोत, पट्टी समोर. तिला सगळे टॅग आहेत, फक्त सात नाही. सात नंबरावर काका आयटीआयच्या पोरांना शिकवतात आणि तो पडदा पोरांना दिसतो. पट्टी सगळीकडे कायमची चिकटवा, असा उपाय त्या लोकांनी सुचवला होता. इथे तोच नेमका चालत नव्हता.

"मग हे लिहीत काहून नाही?" मी त्यांच्याच भाषेत विचारलं.

काका पहिल्यांदा हळू बोलले. "तिचं बोलणं मी चौकात नाही नेत, पोरी."

मग मी लिहिलं. काकूंचं नाही, माझं. दुकानातही मी हाच प्रोग्रॅम वापरते. गिऱ्हाइकाच्या आधार कार्डाचा स्कॅन मला प्रत्येक फॉर्मशेजारी लागतो. पण पडदा रांगेकडे वळवते त्या नंबरावर तो दिसता कामा नये. हे काकांनीच शिकवलेलं. चार ओळींच्या इंग्रजीला तीन दिवस लागले. मेल नाव न घालता त्या सगळ्यांना पाठवला.

दुसऱ्या दिवशी वर गेले तर काका तोच मेल वाचत होते. "इंग्रजीचे चारही चाक पंक्चर आहेत. पण मुद्दा सरळ. कोण असन हा?"

खाली पट्टीत एकेक अक्षर उमटलं. 'खालच्या पोरीनं लिहिलं. तिले चहा द्या.'

काकांनी पट्टीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि खाली बसले. उरलेला मेल मनात वाचू लागले. थोड्या वेळानं पट्टी पुन्हा हलली.

'मोठ्यानं वाचा.'

टॅग तूर्त राहतील असं उत्तर आलं. 'तूर्त' या शब्दावरून काका अजून भांडताहेत. मी मात्र तो कोड शिकायला बसले आहे, रोज एक पान. काकांचं ऋण मी असंच फेडणार: उद्या पुन्हा कोणी ते टॅग काढायला निघालं, तर काकूंची पट्टी सांभाळायला मी तिथे असेन.